तारांवर तोललेली मोटार

सायकलच्या चाकातली एक तार सुटी करून हातात घेतली, तर ती दोन बोटांनी वाकवता येते. तीच तार चाकात बसली की दुधाचे भरलेले कॅन दोन्ही बाजूंना लटकवलेली सायकल खड्ड्यांतून जाते आणि चाकाला काही होत नाही. तार तीच, पोलादही तेच. मग हे बळ आले कुठून?

मोटारीत हे कोडे आणखी मोठे होते. एमजीबी ही उघड्या छताची स्पोर्ट्‌स मोटार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे. रिकाम्या गाडीचेच वजन नऊशे किलोंच्या वर. हौशी गिऱ्हाईक जादा पैसे मोजून तिला तारांची चाके लावून घेई, म्हणजे 'वायर व्हील्स'. एका चाकात ६० तारा. हे चाक गाडीला ज्याने धरून ठेवले आहे, तो नट मात्र एकच. आपल्या अँबेसेडरच्या पत्र्याच्या चाकाला नटांचे कडे असते; इथे मधोमध एक मोठा नट, त्याला दोन कान, आणि तो पान्याने नव्हे तर हातोड्याने ठोकून घट्ट करायचा. त्याला ना पिन, ना वरून दुसरा नट. भरीस भर म्हणजे गाडीच्या उजव्या बाजूचे दोन्ही नट उलट्या आट्याचे.

हे सगळे पाहून नवख्या माणसाला धडकी भरते. पण या प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे, आणि कारण कळले की निगा कशी राखायची तेही आपोआप कळते. या चाकाची ताकद धातूच्या जाडीत नाही, घट्टपणात आहे. ढिलाई शिरायला त्यात तीन जागा आहेत: तारा, दाते आणि नट. वायर व्हीलची देखभाल म्हणजे या तीन जागांवर पहारा.

सायकलींच्या गावातून आलेले चाक

ताणलेल्या तारांचे चाक प्रथम सुचले ते जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाला, १८०८ मध्ये. त्याला उडणारे यंत्र करायचे होते आणि त्यासाठी हलकी चाके हवी होती. पुढे कॉव्हेंट्री शहरातल्या जेम्स स्टार्लीने सायकलसाठी तिरप्या तारांची रचना केली आणि १८७४ मध्ये तिचे पेटंट घेतले. आपल्या रोजच्या सायकलचे चाक आजही त्याच धाटणीचे आहे.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीला तारांचीच चाके होती. पण मोटारी जड होत गेल्या तशी जाड लाकडी आऱ्यांची चाके पुढे आली. ती मजबूत होती, तरी त्यांची एक अडचण होती. चाक गाडीवर कायमचे बसवलेले असे. पंक्चर झाले की रस्त्याच्या कडेला बसून, चाक जागेवरच ठेवून टायर उपसायचा.

यावर उपाय काढला तो पुन्हा कॉव्हेंट्रीतल्याच एका सायकल कंपनीने. रज-व्हिटवर्थच्या जॉन पघ यांनी १९०७-०८ च्या सुमारास असे तारांचे चाक आणले, की मधला एक नट काढला की अख्खे चाक हातात यावे. पंक्चर झाले तर चाक काढा, दुसरे लावा, निघा. शर्यतीत हा फायदा एवढा मोठा होता, की १९०८ च्या फ्रेंच ग्राँप्रीत अशी सुटी होणारी चाके चालणार नाहीत असे ठरले, आणि ती वापरणाऱ्या नेपियर कंपनीने शर्यतीतून अंग काढून घेतले. पण नियमाने कल्पना थांबली नाही. इटलीत बोरानीने रज-व्हिटवर्थकडून परवाना घेऊन ही चाके केली आणि ती फेरारी, आल्फा रोमिओ या गाड्यांवर दिसू लागली. इंग्लंडमध्ये डनलॉपची चाके एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जॅग्वार या गाड्यांना लागली. १९६१ साली आलेली जॅग्वार ई-टाइप ७२ तारांच्या चाकांवर धावत होती, आणि ती बनत होती कॉव्हेंट्रीतच.

पहिली जागा: तार ढकलत नाही, ओढते

बैलगाडीच्या चाकातला लाकडी आरा खांबाचे काम करतो. गाडीचे वजन त्याला वरून दाबते, तो खालून रेटतो. बारीक तार दाबली तर लगेच वाकते, म्हणून तिच्याकडून हे काम होणार नाही. पण तीच तार ओढून पाहा. पोलादी तारेला ओढून तोडायला प्रचंड जोर लागतो.

म्हणून चाक बांधतानाच प्रत्येक तार दोन्हीकडून ताणून बसवतात. एक टोक मधल्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये अडकते. दुसऱ्या टोकाला आटे असतात आणि रिममधून आलेली छोटी नळी, म्हणजे निपल, त्यावर फिरवून तार ओढून घेतात. साठही तारा हबला साठ दिशांनी ओढत असतात. सगळ्या ओढी एकमेकींना तोलून धरतात, म्हणून हब मधोमध राहतो.

आता गाडीचे वजन हबवर आले की काय होते? सहज सुचणारे उत्तर असे, की हब वरच्या तारांना लटकतो. प्रत्यक्षात वरच्या तारांचा ताण फारसा बदलत नाही. जमिनीलगत रिम किंचित चपटी होते, तिथे हब आणि रिम यांच्यातले अंतर बारीकसे कमी होते आणि तळाच्या चार-सहा तारांची ओढ घटते. खाली ओढणारे हात सैल पडले, वर ओढणारे तसेच राहिले, म्हणून हबला वरचा आधार मिळाला. योब्स्ट ब्रँट या अभियंत्याने १९८१ च्या 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात हे आकडेमोड करून दाखवले आणि चाक तळाच्या तारांवरच उभे असते, असे सांगून बऱ्याच सायकलवाल्यांना बुचकळ्यात टाकले. तार वाकत नाही, कारण तिच्यावर दाब येतच नाही. फक्त आधीचा ताण कमी होतो.

सगळी गोम या 'आधीच्या ताणा'त आहे. तो पुरेसा असेल तर तळाशी येऊनही तारेत थोडी ओढ शिल्लक राहते. मुळातच कमी असेल तर दर फेऱ्याला तार तळाशी आली की पूर्ण सैल पडते आणि वर गेली की झटका खाऊन ताणते. एमजीबीच्या टायरचा घेर दोन मीटरच्या जरा आत आहे, म्हणजे किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे. मुंबईहून पुण्याला जाईपर्यंत एका सैल तारेला असे पाऊण लाखाच्या आसपास झटके बसतात. पोलाद एका झटक्याने तुटत नाही, पण लाखो झटक्यांनी थकते. हबजवळचा बाक किंवा आट्यांचे मूळ, या दोन जागी चीर पडते आणि एके दिवशी तार तुटते. त्याआधी सैल तारेचे निपल थरथरून आणखी सुटते आणि तिचा वाटा शेजारणींवर येतो. म्हणून एक सैल तार फार दिवस एकटी राहत नाही.

तारा तिरप्या का?

तारा हबपासून सरळ रिमकडे गेल्या असत्या तर वजन पेलले असते, पण इंजिनाचा पीळ पेलला नसता. हब फिरला असता आणि रिम मागे राहिली असती. म्हणून तारा हबच्या कडेला स्पर्शून तिरप्या निघतात. अर्ध्या पुढच्या दिशेला, अर्ध्या मागच्या. वेग घेताना एक जोडी ताणते, ब्रेक मारताना दुसरी. स्टार्लीने १८७४ मध्ये केले ते नेमके हेच.

मोटारीला सायकलपेक्षा एक गोष्ट जास्त सोसावी लागते. सायकल वळणावर झुकते, मोटार झुकत नाही. त्यामुळे वळणावर रस्ता टायरला आडवा रेटा देतो आणि रिम हबवरून कलंडवू पाहतो. हा रेटा अडवायला मोटारीच्या चाकात तारांच्या रांगा हबच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेपासून पसरून रिमवर येतात. गाड्या वेगवान आणि टायर चिकट होत गेले तशा तारा वाढत गेल्या. एमजीबीच्या आधीच्या एमजीएच्या चाकात सुरुवातीला ४८, एमजीबीत ६०, ई-टाइपमध्ये ७२. पुढे रुंद रेडियल टायर आले, ट्यूबशिवायचे टायर आले, आणि हाताने बांधावे लागणारे हे महाग चाक पत्र्याच्या व मिश्रधातूच्या चाकांपुढे मागे पडले. शर्यतीत तर ते आधीच घडले होते. जॅग्वारच्या १९५४ च्या डी-टाइपला डनलॉपची मिश्रधातूची चाके होती. मधला एकच नट मात्र त्यांनीही ठेवला.

दुसरी जागा: दाते

इंजिनाचा पीळ चाकापर्यंत नट पोचवत नाही. ते काम दात्यांचे. चाकाच्या तुंब्याखेरीज गाडीच्या ॲक्सलला स्वतःचा हब असतो, आणि इथून पुढे 'हब' म्हणजे तोच. त्यावर बाहेरून लांबट दाते कापलेले असतात आणि चाकाच्या मधल्या तुंब्यात आतून तशाच खाचा असतात. यांना मेकॅनिक 'स्प्लाइन' म्हणतात. चाक हबवर सरकवले की दाते खाचांत बसतात. मागच्या बाजूला हबवर एक उतरता शंकू असतो, त्यावर चाकाची मागची कड टेकते. पुढून नट चाकाला त्या शंकूवर दाबून धरतो. मागचा शंकू आणि पुढचा नट चाकाला मधोमध धरतात, दाते त्याला फिरवतात.

दात्यांत नवेपणी जेमतेम सरकण्यापुरती जागा असते. ती वाढली की प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर दाबताना आणि ब्रेक मारताना दाता खाचेच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतो. कोरडे आणि गंजलेले दाते भराभर झिजतात. नव्या दात्याचा माथा सपाट असतो. झिजलेला दाता वर निमुळता, धारदार होतो. असा दाता एक दिवस पूर्ण कापला जातो. मग इंजिन हब फिरवते, पण चाक फिरत नाही. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक हबला थांबवतो, चाकाला नाही.

दात्यांत अशी ढिलाई, म्हणजे 'प्ले', आला आहे का, हे कळायला दोन सोप्या खुणा आहेत. एक, गाडी पुढे नेऊन थांबवली आणि रिव्हर्समध्ये घेतली की चाकातून 'टक्‌' असा आवाज येतो. दोन, चाक जॅकवर उचलून कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवून पाहा. ब्रेक दाबलेला असताना चाक हलले, तर प्ले दात्यांत आहे.

इथे काटकसर महागात पडते. झिजलेल्या हबवर नवे चाक चढवले, तर जुने निमुळते दाते नव्या खाचा खाऊन टाकतात. हब आणि चाक दोन्ही एकदम बदलावे लागतात.

तिसरी जागा: नट, आणि उलट्या आट्याचे कोडे

आता त्या एकट्या नटाकडे येऊ. त्याची आतली बाजू खोलगट शंकूच्या आकाराची असते. चाकाच्या तुंब्याचे बाहेरचे टोक त्याच उताराचे, पण बाहेर आलेले. नट घट्ट केला की तो या टोकाला चहूकडून झाकून बसतो. म्हणजे नटाचा घेर बाहेर, चाकाचा घेर आत, आणि दोघांमध्ये केसाहून बारीक का होईना, फट.

मनगटात सैल बांगडी घालून, मनगट न पिळता हात हवेत गोल फिरवून पाहा. बांगडी मनगटाभोवती फिरू लागते, आणि हात ज्या दिशेने गोल फिरतो त्याच दिशेने. मनगटाचा रेटा बांगडीच्या आतल्या कडेवर जागा बदलत फिरतो. बांगडीचा घेर मनगटाहून मोठा असल्यामुळे एका फेऱ्यात दोघांचा हिशेब जुळत नाही आणि उरलेला फरक बांगडी स्वतः सरकून भरून काढते.

नटाचे हेच होते. रस्ता चाकाला सतत खालून वर रेटतो. पण हब फिरत असल्याने, हबवर बसून पाहिले तर हा रेटा चाकाच्या फिरण्याच्या उलट दिशेने गोल फिरताना दिसेल. चाकाचे टोक नटाच्या आत त्या दिशेने टेकत टेकत जाते आणि नटाला त्याच दिशेने, म्हणजे चाकाच्या उलट, अगदी सूक्ष्म ढकलते. गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहून पाहिले तर पुढे जाणारे चाक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, म्हणून नट काट्यांच्या दिशेने ढकलला जातो. नेहमीचा सरळ आटा असेल तर तो त्याने घट्ट होतो. उजव्या बाजूला सगळे आरशातल्यासारखे उलटते, म्हणून तिथे उलटा आटा हवा. तसा तो दिला की चारही नट गाडी धावताना घट्ट होण्याकडे झुकतात. पिनेची गरज नाही ती यामुळे.

यावरून एक नियम हाती येतो आणि तो दोन्ही बाजूंना चालतो. नटाचा वरचा कान गाडीच्या पुढच्या टोकाकडे ठोकला की नट सैल होतो, मागच्या टोकाकडे ठोकला की घट्ट. तरीही नटावर कोरलेला बाण आणि त्याजवळचा 'अनडू' हा शब्द आधी वाचावा. बाण सोडण्याची दिशा दाखवतो.

दोन इशारे. ॲक्सलची दुरुस्ती करताना डावा हब उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला, तर हीच यंत्रणा गाडी धावताना नट सोडवेल. चाकांच्या खाचांना मात्र डावे-उजवे नसते. चाक कुठल्याही बाजूला लावता येते, हब आणि नट आपापल्या बाजूचेच हवेत. दुसरा इशारा म्हणजे 'आपोआप घट्ट होतो' याचा अर्थ 'हाताने बसवला तरी चालतो' असा नाही. नट आधी नीट ठोकून बसवलेला असेल तरच ही सूक्ष्म ढकल कामाची.

जाता जाता, अमेरिकेत १९६८ पासून बाहेर आलेल्या कानांचे नट नव्या गाड्यांवर बंद झाले. पादचाऱ्यांना इजा होऊ नये हा हेतू. म्हणून त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांवर अष्टकोनी नट दिसतो. त्याला त्याच्या मापाचा खास पाना लागतो. आटे आणि दिशा मात्र त्याच.

चाक काढताना

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये, आणि विरुद्ध बाजूच्या चाकाला पुढून-मागून ठोकळे. हातोडा तांब्याच्या, शिशाच्या किंवा कच्च्या चामड्याच्या तोंडाचा घ्यावा, वजन दीड-दोन किलो. पोलादी हातोड्याने नटाचे क्रोम फुटते आणि त्याची कपची डोळ्यात जाऊ शकते. हातोडा नसेल तर नटाच्या कानांवर बसणारा लाकडी पाना मिळतो. त्याने क्रोमवर ओरखडाही येत नाही.

चाक जमिनीवर असतानाच कानाच्या टोकाजवळ नेमका घाव घालून नट फक्त हलवावा, अगदी पाव फेरा. जास्त सैल केला तर गाडीचे वजन शंकूवरून सरकून दात्यांवर येते. मग जॅकने चाक जेमतेम जमिनीवरून सुटेल एवढे उचलावे, गाडीखाली स्टँड लावावा आणि नट हाताने पूर्ण काढावा.

चाक सरळ बाहेर ओढायचे, तिरके करून नव्हे. तिरके झाले की खाचा हबच्या आट्यांवरून घासत येतात आणि आट्यांची धार जाते. खाली बसून टायरखाली पायाचा चवडा किंवा एखादी फळी सारली, तर वजन तिच्यावर राहते आणि हात फक्त सरळ ओढायला मोकळे राहतात.

चाक अडकले तर

वर्षानुवर्षे न काढलेले चाक दात्यांवर गंजून एकजीव होते. अशा वेळी आतून रिमवर किंवा तारांवर हातोडा मारू नये. रिमला 'आऊट' येतो, म्हणजे ती डगडगत फिरू लागते, आणि तारांचा ताण बिघडतो. आधी गंज सोडवणारे तेल हबच्या तोंडातून आणि मागच्या फटीतून सोडून रात्रभर मुरू द्यावे.

तेवढ्याने नाही भागले तर जुन्या मेकॅनिकांची युक्ती वापरावी. नट एक-दोन फेरे सैल करावा, पण काढू नये. गाडी खाली घेऊन मोकळ्या सपाट जागी दोघांनी हाताने पुढे-मागे ढकलावी आणि चालकाने दर वेळी अचानक ब्रेक दाबावा. गाडीचे वजन दात्यांना दोन्ही दिशांनी झटके देते आणि गंजाची पकड सुटते. नट जागेवर असल्यामुळे चाक निसटत नाही. अशी ढकलगाडी अंगणापुरतीच, रस्त्यावर नाही.

परत बसवताना

चाकाचे आणि हबचे दाते, दोन्ही शंकू आणि आटे कापडाने कोरडे पुसावेत. जुन्या ग्रीसमध्ये वाळू मिसळलेली असते. ती घासकागदाचे काम करते, म्हणून ती पूर्ण निघाली पाहिजे. मग या सगळ्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवावा. जुन्या एमजीच्या पुस्तिकेतही दाते, आटे आणि शंकू पुसून हलके ग्रीस लावायला सांगितले आहे. हलके म्हणजे बोटाने पसरलेला थर. चमच्याने भरलेले ग्रीस वेगाने बाहेर फेकले जाते आणि तारांवर, नशीब खराब असेल तर ब्रेकवर पडते.

एक गोष्ट रंगाऱ्याला बजावून सांगावी. चाकावर रंग किंवा पावडर कोटिंग चढवताना शंकू आणि खाचा झाकलेल्या हव्यात. शंकूवर रंगाचा थर राहिला, तर नट रंगावर घट्ट होतो. काही किलोमीटरांत रंग चेपतो आणि नट ढिला पडतो.

नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मध्येच अडला तर आटे तिरके धरलेत, पुन्हा काढावा. चाक हवेतच असताना ठोकून घट्ट करावा, म्हणजे वजनामुळे ते एका बाजूला न टेकता शंकूंवर बरोबर मधोमध बसते. मागच्या चाकाला हँडब्रेक धरून ठेवतो. पुढच्यासाठी कुणीतरी ब्रेक दाबून धरावा. घावांचा आवाज आधी बोथट येतो, नट बसला की खणखणीत होतो आणि कान सरकणे थांबते. चाळीस-पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा दोन घाव घालून पाहावेत. नवे चाक किंवा नवा हब असेल तर तेव्हा नट हमखास आणखी थोडा आवळला जातो.

वर्षभराची निगा

तारा तपासायला कान पुरे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एकेक तार हलकेच वाजवावी. ताणलेली तार 'टण्ण' वाजते, सैल 'ठप्प'. लांब आणि आखूड तारांचा सूर वेगळाच असणार, म्हणून एका रांगेतल्या तारा एकमेकींशी ताडून पाहाव्यात. दोन-तीन सैल सापडल्या तर निपल पाव-पाव फेरा फिरवून त्या शेजारणींच्या सुरात आणता येतात. पण आधी टायर काढावा, कारण तारेचे टोक निपलमधून वर येऊन ट्यूब फोडू शकते. बऱ्याच सैल असतील किंवा एखादी तुटली असेल, तर चाक जाणकाराकडे द्यावे. सायकल मिस्त्री चाकाचा 'आऊट' काढतो तेच हे काम, फक्त रांगा जास्त आणि ताण कितीतरी मोठा.

'आऊट' घरी पाहता येतो. चाक उचलून फिरवावे आणि रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरावा. रिम डावी-उजवीकडे दीड-दोन मिलिमीटरहून जास्त डगडगत असेल, किंवा वर-खाली उड्या मारत असेल, तर काम निघाले.

टायरच्या आत ट्यूब हवी आणि ट्यूबखाली रिमवर रबरी पट्टी. रिमला साठ भोके आहेत, तिथून हवा जाणारच. ही पट्टी निपलच्या टोकांपासून ट्यूबला वाचवते. टायर बदलताना ती दर वेळी पाहावी. फाटलेली पट्टी हे गूढ पंक्चरांचे नेहमीचे कारण. बॅलन्सिंग करताना यंत्रावर चाक त्याच्या दोन शंकूंवरच धरले जावे, कारण गाडीवरही ते तसेच बसते. दात्यांच्या कडेवर धरून केलेले बॅलन्सिंग गाडीवर खोटे ठरते.

मुंबई-कोकणातल्या हवेत या चाकाचा खरा शत्रू पावसाळा. खारट ओल तारांच्या तिढ्यांत, निपलच्या आट्यांत आणि दात्यांत शिरून राहते. पावसाळ्याआधी चाके काढून ग्रीस ताजे करावे, तारांवर मेणाचा हात द्यावा. पावसाळ्यानंतर तेच पुन्हा. धुताना सौम्य साबण आणि अरुंद ब्रश पुरतो. मिश्रधातूच्या चाकांसाठी मिळणारी आम्लयुक्त द्रावणे तारांना आणि क्रोमला खातात. जोराच्या फवाऱ्याने हबमध्ये पाणी मारू नये. ग्रीस जाते आणि पाणी राहते.

जुन्या पोलादी तारांवर नव्याने क्रोम चढवायचा मोह होतो. क्रोम चढवताना हायड्रोजन तयार होतो, तो ताणलेल्या कणखर पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. असली तार दिसायला झळाळती आणि तुटायला उतावीळ. चकाकीच हवी असेल तर स्टेनलेस तारा घालून चाक नव्याने बांधून घ्यावे. सैल तार पुन्हा ताणता येते, ढिला नट पुन्हा ठोकता येतो. झिजलेला दाता मात्र भरून येत नाही. तिथे बदलणे हाच इलाज.

चौकट: थोडक्यात

• तारा: वर्षातून दोनदा वाजवून पाहा. एकही तुटली असेल तर लांबचा प्रवास टाळा. शेजारच्या दोन तुटल्या असतील तर गाडी हलवू नका.

• दाते: रिव्हर्स घेताना 'टक्‌' आला की ब्रेक दाबून प्ले तपासा. निमुळते दाते दिसले तर हब आणि चाक दोन्ही बदला.

• नट: वरचा कान पुढे ठोकला की सुटतो, मागे ठोकला की आवळतो. नटावरचा बाण आधी वाचा. मऊ तोंडाचाच हातोडा वापरा.

• काढताना: जमिनीवर पाव फेरा सैल, मग जॅक आणि स्टँड, मग चाक सरळ बाहेर.

• बसवताना: पुसा, पातळ ग्रीस लावा, हवेतच ठोका, चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

• पावसाळ्याआधी आणि नंतर: चाके काढून दाते पुसा, ग्रीस बदला. रिमची पट्टी टायर बदलताना पाहा.